वायपर बिघडला तर मोटार बदलण्याआधी काय काय तपासावे

वायपर बंद पडला की पहिला संशय मोटारीवर जातो, आणि बहुतेक वेळा ती निर्दोष निघते. उडालेला फ्यूज, सैल झालेला नट, निसटलेला प्लॅस्टिकचा बुश, गंज चढलेले अर्थिंग (गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह वायर) ही मंडळी जास्त वेळा दोषी असतात, आणि त्यांच्यासाठी मोटार खोलावी लागत नाही. म्हणून तपासणी बाहेरून आत करावी: काच आणि रबर, मग आर्म (ब्लेड धरणारा हात), मग लिंकेज (मोटार आणि आर्म यांना जोडणाऱ्या दांड्या), मग वायरिंग, आणि मोटार सर्वांत शेवटी. हा क्रम मोडला की चांगली मोटार काढली जाते आणि नवी बसवल्यावरही वायपर तसाच राहतो.

हात घालण्याआधी

वायपरची मोटार दिसायला लहान असली तरी वर्म गियरमुळे तिची ताकद भरपूर असते. लिंकेजमध्ये बोट सापडले तर ती थांबत नाही. शिवाय स्विच बंद केल्यावरही वायपर आपल्या विश्रांतीच्या जागी पोहोचेपर्यंत मोटार फिरतच राहते. त्यामुळे लिंकेजला हात लावायचा असेल तेव्हा चावी बंद करा आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा. विजेच्या चाचण्यांसाठी ती पुन्हा जोडावी लागेल, पण तेव्हा हात बाहेर हवेत.

ब्लेड काढल्यावर आर्म उभा ठेवून बाजूला जाऊ नका. स्प्रिंगच्या जोराने तो परत आपटला तर लोखंडी टोकाने काच तडकते. काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवा. काही गाड्यांत वायपर बॉनेटच्या कडेखाली दडलेले असतात आणि ते तसेच उचलले तर बॉनेटचा रंग उडतो. अशा गाड्यांना 'सर्व्हिस पोझिशन' असते, म्हणजे वायपर काचेवर वर आणून थांबवण्याची सोय. ती कशी आणायची ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा. बहुधा चावी बंद केल्यावर काही सेकंदांत स्टिअरिंगजवळची वायपरच्या स्विचची दांडी एकदा दाबावी लागते.

पहिला प्रश्न: आवाज येतो का?

काच ओली करा, चावी ऑनवर न्या आणि वायपर स्लो गतीवर लावा. एकाने आत बसावे, दुसऱ्याने काचेच्या पायथ्याशी कान द्यावा. आसपास शांतता हवी आणि इंजिन बंद हवे. बॉनेट उघडे असताना काही गाड्या मुद्दाम वायपर चालू देत नाहीत, म्हणून ही पहिली चाचणी बॉनेट बंद ठेवूनच करा. नाहीतर नसलेला बिघड शोधण्यात तासभर जातो.

मोटारीची घूं-घूं ऐकू आली आणि आर्म हलला नाही, तर दोष यांत्रिक आहे. काहीच ऐकू आले नाही तर आधी वीज तपासायची. नुसता 'टक्' आवाज येऊन पुढे काही झाले नाही, तर रिले (मोटारीचा करंट जोडणारा-तोडणारा विजेचा स्विच) काम करतो आहे पण करंट मोटारीपर्यंत पोहोचत नाही, किंवा मोटार अडकली आहे.

आवाज येतो, पण आर्म हलत नाही

आर्मच्या बुडाशी प्लॅस्टिकची टोपी असते. ती उचकटली की खाली नट दिसतो. वायपर चालू असताना या नटाखालच्या स्पिंडलकडे, म्हणजे आर्म फिरवणाऱ्या दातेरी शाफ्टकडे, लांबूनच पाहा. स्पिंडल फिरतो आणि आर्म जागेवरच राहतो, तर नट सैल आहे किंवा आर्मचे दाते झिजले आहेत. स्पिंडल पोलादी असतो, आर्मचे बूड बहुधा ॲल्युमिनियमचे, त्यामुळे झिजते ते आर्मचेच.

नट नुसता आवळून टाकू नका. आधी मोटार एकदा चालवून स्विचने बंद करा, म्हणजे ती विश्रांतीच्या जागी येऊन थांबेल. मग नट काढून आर्म उचला. तो घट्ट बसला असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून दहा-पंधरा मिनिटे थांबा, आर्म स्पिंडलवर थोडा मागेपुढे हलवा, आणि तरी निघाला नाही तर पुलर लावा. बॅटरीचे टर्मिनल काढायचा छोटा पुलर इथे छान चालतो. स्क्रू ड्रायव्हर काचेवर टेकवून आर्म उचकटणे म्हणजे काच फोडण्याची तयारी. आर्म निघाल्यावर दोन्हीकडचे दाते तारेच्या ब्रशने साफ करा, ब्लेड योग्य रेषेत धरून आर्म बसवा आणि नट आवळा. बहुतेक गाड्यांत हा नट साधारण 15 ते 25 न्यूटन मीटर टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळतात. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा घ्यावा. दाते पूर्ण गुळगुळीत झाले असतील तर आर्म बदला. मध्ये पत्रा किंवा फॉइल घालून काम भागवले तर ते जोरदार पावसात, नेमक्या वेळी, सुटते.

स्पिंडलच फिरत नसेल तर लिंकेज पाहायचे. त्यासाठी दोन्ही आर्म आणि काचेच्या पायथ्याची जाळीदार प्लॅस्टिकची पट्टी, म्हणजे काउल, काढावी लागते. तिच्या क्लिपा जुन्या झाल्या की कडक होऊन तुटतात. घाई करू नका. खाली मोटारीचा क्रँक, त्याला जोडलेल्या एक-दोन दांड्या, आणि प्रत्येक सांध्यावर लोखंडी गोळीवर बसणारी प्लॅस्टिकची वाटी दिसेल. ही वाटी, म्हणजेच बुश, झिजली की दांडी निसटते. एक वायपर चालतो आणि दुसरा चालत नाही, तेव्हा त्या दोघांना जोडणारी दांडी निसटलेली असण्याची शक्यता सर्वांत जास्त. पक्कडीने दाबून ती परत बसते, पण झिजलेली वाटी पुन्हा निसटणारच. सुटा बुश मिळाला तर तो घाला, नाहीतर पूर्ण लिंकेज बदला. दोन्ही दांड्या जागेवर असूनही काहीच हलत नसेल तर क्रँक मोटारीच्या शाफ्टवर घसरत असतो. तो काढण्यापूर्वी मोटार विश्रांतीच्या जागी आणा आणि क्रँक व शाफ्टवर मार्करने एक सरळ रेघ ओढा. रेघ नसेल तर परत बसवताना वायपर बॉनेटवर आपटायला लागतील.

काउल निघालेलीच आहे, तर आणखी एक काम उरका. मोटारीकडून दांडी सोडवा आणि प्रत्येक स्पिंडल हाताने फिरवून पाहा. तो दोन बोटांनी सहज फिरायला हवा. जोर लावावा लागत असेल तर ॲल्युमिनियमच्या घरात पोलादी शाफ्ट गंजून धरला आहे. वायपर हळू चालणे, अधूनमधून थांबणे, फ्यूज उडणे या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी बऱ्याचदा हेच असते, आणि मोटार बदलून ते कधीच सुटत नाही. उपाय सोपा, पण वेळखाऊ आहे: वरची लॉक रिंग काढा, शाफ्ट खाली ओढून बाहेर काढा, बारीक पॉलिश पेपरने गंज घासा, भोक पुसून घ्या, पाण्यात टिकणारे ग्रीस लावा आणि परत जोडा. नुसता वरून स्प्रे मारला तर काही दिवस बरे वाटते, मग पहिले पाढे पंचावन्न. काउलखाली साचलेली पाने आणि माती काढून पाणी वाहून जाण्याची भोकेही मोकळी करा. ती तुंबली की मोटार आणि तिचा कनेक्टर पाण्यात बसतात.

आवाजच येत नाही

सुरुवात फ्यूजपासून. तो कुठे आहे ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत असते. वायपरचा फ्यूज साधारण 15 ते 30 अँपिअरचा असतो. डोळ्यांना चांगला दिसणारा फ्यूज चांगला असतोच असे नाही, म्हणून चावी ऑन करून, वायपरचा स्विच लावून फ्यूजच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावा. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज ठीक. एकाच बाजूला पेटला तर उडालेला. एकाही बाजूला पेटला नाही तर फ्यूजपर्यंत करंटच येत नाही.

उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचा घाला. मोठा फ्यूज घालणे म्हणजे फ्यूजऐवजी वायर जाळण्याची सोय करणे. नवा फ्यूज स्विच लावताच उडाला तर वायरिंगमध्ये शॉर्ट आहे. काही वेळ चालून उडाला तर मोटारीवर भार जास्त आहे, म्हणजे पुन्हा वर सांगितलेला अडकलेला स्पिंडल, किंवा बर्फाने वा चिकट मातीने काचेला धरलेले ब्लेड.

पुढे रिले. त्याच बॉक्समध्ये तोच नंबर आणि तितक्याच पिना असलेला दुसरा रिले असेल, हॉर्नचा असतो बऱ्याचदा, तर अदलाबदल करून पाहा. नंबर जुळत नसेल तर हा प्रयोग करू नका.

आता मोटारीचा कनेक्टर. जुन्या धाटणीच्या मोटारीला बहुधा पाच वायरी असतात: अर्थिंग, स्लो, फास्ट, कायमचा पॉझिटिव्ह आणि पार्किंगची (स्विच बंद केल्यावर वायपर खाली आणणारी). कोणती कुठली ते त्या गाडीच्या वायरिंग नकाशावरून घ्या, रंगावरून अंदाज बांधू नका. स्विच स्लोवर ठेवा आणि कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागून मल्टिमीटरची सुई घालून स्लोची पिन व अर्थिंगची पिन यांच्यातला व्होल्टेज मोजा. कनेक्टर काढून मोजणे ही नेहमीची चूक. गंजलेल्या वायरची एकच तार शिल्लक असली तरी भार नसताना मीटर ऐटीत 12 व्होल्ट दाखवते आणि भार येताच तो व्होल्टेज कोसळतो. जोडलेल्या स्थितीत जवळजवळ बॅटरीइतका व्होल्टेज मिळतो आणि मोटार तरी ढिम्म, तर दोष मोटारीत आहे किंवा ती अडकली आहे. व्होल्टेज नसेल किंवा अर्धामुर्धा असेल तर मागे जा: स्विच, रिले, वायर, अर्थिंग.

अर्थिंगची चाचणी स्वतंत्रपणे करा. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी मोटारीच्या अर्थिंगच्या पिनेवर, आणि स्विच चालू. 0.2-0.3 व्होल्टपर्यंत चालते. 0.5 व्होल्टच्या वर गेले तर अर्थिंग खराब. बॉडीला जोडलेला त्याचा बोल्ट सोडवा, रंग-गंज घासून चकचकीत पत्रा दिसू द्या आणि परत आवळा. मात्र ही चाचणी करंट वाहत असतानाच खरे बोलते. मोटारीचे ब्रश (फिरत्या भागाला करंट पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) संपून आतली वाट तुटली असेल तर करंटच नाही, आणि मीटर शून्य दाखवून अर्थिंगला फुकटचे प्रशस्तिपत्र देते.

शंका उरली तर मोटारीला थेट करंट द्या. कनेक्टर काढा, अर्थिंगच्या पिनेला बॅटरीचे निगेटिव्ह आणि स्लोच्या पिनेला पॉझिटिव्ह जोडा. पॉझिटिव्हच्या वायरमध्ये 20 अँपिअरचा फ्यूज हवाच. मग फास्टच्या पिनेवर तेच. दोन्हीवर फिरली तर मोटारीला दोष देऊ नका. नव्या गाड्यांत मोटारीलाच इलेक्ट्रॉनिक सर्किट जोडलेले असते आणि पॉझिटिव्ह, अर्थिंग व एक बारीक सिग्नल वायर एवढ्या तीनच वायरी येतात. त्या सिग्नल वायरला कधीही 12 व्होल्ट देऊ नका. सर्किट जळते. अशा गाडीत फ्यूज, पॉझिटिव्ह आणि अर्थिंग एवढे तपासून पुढचे काम स्कॅनरवर सोडावे.

मोटारीच्या अंगावर लाकडी मुठीने हलके ठोकल्यावर ती सुरू झाली तर ब्रश संपत आले आहेत. त्या दिवशी घरी पोहोचायला ही युक्ती पुरते. आणि वायपर काही मिनिटे चालून थांबत असेल, दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा चालू होत असेल, तर अनेक मोटारींत असलेला तापमानाचा कटआउट (मोटार तापली की करंट तोडणारा भाग) आपले काम करतो आहे. त्याला बदलू नका, मोटार कशामुळे तापते ते शोधा.

एकच गती चालते

साध्या मोटारीत तीन ब्रश असतात: एक सामाईक, एक स्लोचा, आणि थोडा कलून बसवलेला एक फास्टचा. हे लक्षात ठेवले की निदान बसल्या जागी होते. गाडीला थांबून-थांबून पुसण्याची सोय असते ती आणि बंद केल्यावर वायपर खाली आणणारी यंत्रणा, दोन्ही स्लोच्याच ब्रशवर चालतात. म्हणून फास्ट चालते, पण स्लो, थांबून-थांबून पुसणे आणि पार्किंग तिन्ही एकदम गेले असतील तर स्लोचा ब्रश किंवा त्याची वायर गेली आहे. फास्ट तेवढी गेली तर फास्टचा ब्रश, त्याची वायर किंवा स्टिअरिंगजवळच्या दांडीतला स्विच. थांबून-थांबून पुसणे तेवढेच बंद असेल तर मोटारीला हातही लावू नका. तो दोष टायमर-रिलेचा, दांडीतल्या वेळ ठरवणाऱ्या फिरकीचा किंवा गाडीच्या कंट्रोल युनिटचा.

दोन्ही गती चालतात पण मंद वाटतात, तर मोजा. ओल्या काचेवर, इंजिन चालू ठेवून, जाऊन परत येणे म्हणजे एक फेरी. स्लोवर मिनिटाला साधारण 40-45 आणि फास्टवर 60-65 फेऱ्या अपेक्षित असतात. बऱ्याच कमी असतील तर आधी स्पिंडल, मग अर्थिंग.

वायपर भलतीकडेच थांबतो किंवा थांबतच नाही

मोटारीच्या गियरवर एक धातूची चकती असते आणि तिच्यावर घासणारे संपर्क असतात. तुम्ही स्विच बंद केला तरी या संपर्कातून मोटारीला करंट मिळत राहतो. वायपर खालच्या जागी आला की चकतीवरची खाच तो करंट तोडते आणि त्याच क्षणी मोटारीची दोन टोके एकमेकांना जोडते. त्यामुळे मोटारीला ब्रेक लागून ती जागीच थांबते.

स्विच बंद करताच वायपर काचेच्या मध्येच थांबला, तर पार्किंगच्या संपर्काला कायमचा पॉझिटिव्ह मिळत नाही किंवा संपर्क घाण झाले आहेत. पॉझिटिव्ह मीटरवर तपासा. तो असेल तर गियरचे झाकण उघडा. आत वाळून घट्ट झालेले ग्रीस आणि काळी पडलेली चकती दिसते. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा, दबलेल्या संपर्कपट्ट्या किंचित उचला, दात्यांना नवे ग्रीस लावा. रिव्हेटने बंद केलेली मोटार उघडण्याच्या फंदात पडण्यात अर्थ नाही.

स्विच बंद करूनही वायपर चालूच राहिला तर रिले उपटून पाहा. थांबला तर रिलेचे संपर्क चिकटले आहेत किंवा स्विच आतून शॉर्ट आहे. वायपर खाली येऊन थोडा पुढे जातो आणि पुन्हा एक फेरी मारतो, तेव्हा ब्रेकचा संपर्क गेलेला असतो. आणि वायपर दर वेळी एकाच चुकीच्या जागी व्यवस्थित थांबत असेल, तर वीज बरोबर आहे, आर्म चुकीच्या दात्यावर बसला आहे. बऱ्याच काचांच्या खालच्या काळ्या पट्ट्यात ब्लेडची जागा दाखवणारी बारीक खूण असते. ती शोधून आर्म तिथे बसवा.

फराटे आणि थरथर

नवे ब्लेड घेण्याआधी काच साफ करा. मेण, सिलिकॉन, धुराचा तेलकट थर यांच्यावर कोणतेही ब्लेड नीट पुसत नाही. साबणाच्या पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पाणी ओतल्यावर ते पसरून सलग वाहिले तर काच साफ; थेंब जमले तर थर उरला आहे (पाणी झटकणारे कोटिंग लावलेले असेल तर थेंब दिसणारच, आणि थरथरीचे कारण पुष्कळदा ते कोटिंगच असते). रबरही त्याच अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. पेट्रोल, तेल, सिलिकॉन स्प्रे रबराला लावू नका.

फराट्यांचा आकार बरेच सांगतो. केसाएवढ्या रेषा म्हणजे रबराला चीर किंवा त्यात अडकलेला खडा. रुंद न पुसलेला पट्टा म्हणजे ब्लेड काचेच्या वळणावर बसत नाही, वाकले आहे किंवा आर्मचा दाब कमी आहे. पुसल्यावर धूसर पडदा म्हणजे काचेवरचा थर. रबर साधारण सहा महिने ते वर्षभर टिकते. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे लवकर कडक होते.

थरथर मात्र वेगळी गोष्ट आहे. रबराचे ओठ नेहमी हालचालीच्या मागे झुकलेले असावे लागतात आणि प्रत्येक टोकाला ते दुसऱ्या बाजूला पलटतात. आर्म जरासा पिळला असेल तर एका दिशेला रबर मागे ओढले जाण्याऐवजी पुढे ढकलले जाते आणि उड्या मारते. ओळख सोपी आहे: थरथर एकाच दिशेला होते. नव्या ब्लेडनेही ती जात नाही, म्हणून लोक ब्लेडला नावे ठेवतात. ब्लेड काढा, टॉवेलावर आर्म हळू टेकवा आणि त्याचे चपटे टोक काचेच्या पातळीला समांतर आहे का ते काचेच्या मध्यावर पाहा. नसेल तर आर्म काचेपासून उचलून, एका पान्याने मागचा भाग धरा आणि दुसऱ्या ॲडजस्टेबल पान्याने टोक किंचित पिळा. एक-दोन अंश पुरतात. थोडे पिळा, ब्लेड लावा, ओल्या काचेवर चालवून पाहा, मग पुढचे.

आर्मचा दाब साध्या ताणकाट्याने मोजता येतो. ब्लेड जिथे अडकते तिथे काटा लावून आर्म काचेपासून जेमतेम उचला. ब्लेडच्या दर सेंटिमीटरला सुमारे 15 ग्रॅम असा ढोबळ हिशेब आहे. 60 सेंटिमीटरच्या ब्लेडला 900 ग्रॅमच्या आसपास. फारच कमी भरला तर आधी आर्मच्या बिजागरीला तेल द्या, कारण अडकलेली बिजागरी स्प्रिंगला काम करू देत नाही.

ब्लेड बदलताना लांबी दोन्ही बाजूंची वेगळी मोजा. चालकाच्या बाजूचे बहुधा लांब असते. लांब ब्लेड जास्त पुसेल या आशेने मोठे घेतले तर ते दुसऱ्यावर किंवा काचेच्या कडेवर आदळते. जोडणीचा प्रकार, हूक, पिन की बटण, जुन्याशी पडताळा आणि बसवल्यावर 'टक्' आवाज आला याची खात्री करा.

पाण्याचा फवारा, पावसाचा सेन्सर, मागचा वायपर

फवारा येत नसेल तर पंपाचा आवाज ऐका. आवाज आहे आणि पाणी नाही, तर टाकी, निसटलेली नळी, पंपाच्या तोंडची जाळी आणि शेवटी नोझल या क्रमाने पाहा. नोझलचे भोक बारीक सुईने मोकळे करा. आवाज नाही, तर फ्यूज आणि पंपाचा कनेक्टर.

ऑटो मोडवर वायपर कोरड्या काचेवर चालत असेल किंवा पावसात झोपत असेल, तर आरशामागचा भाग आतून-बाहेरून पुसा. काच नुकतीच बदलली असेल तर सेन्सर काचेला चिकटवणाऱ्या जेलमध्ये हवेचे बुडबुडे राहिले असतील. सेन्सर काचेतून परावर्तित होणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशावर चालतो, आणि बुडबुडा त्याला थेंबासारखाच भासतो.

मागचा वायपर बंद असेल तर मागच्या दारात जाणारी रबरी नळी सरकवून आतल्या वायरी एकेक ओढून पाहा. दार उघडझाप करून त्या तिथेच तुटतात. त्या शाबूत असतील तर स्पिंडल गंजला असण्याचीच शक्यता मोठी.

मोटार बदलायचीच ठरली तर

जुन्या आणि नव्या मोटारीच्या कनेक्टरच्या पिना आणि बोल्टची भोके शेजारी ठेवून जुळवा. गाडीच्या स्टिअरिंगच्या बाजूनुसार मोटारी वेगळ्या असू शकतात. नवी मोटार बसवली, कनेक्टर जोडला की लिंकेज न जोडता तिला स्लोवर दोन-चार फेऱ्या फिरवा आणि स्विचने बंद करा, म्हणजे ती आपल्या विश्रांतीच्या जागी येईल. आता क्रँक आधी ओढलेल्या रेघेच्या दिशेने बसवा, लिंकेज जोडा, आर्मशिवाय पुन्हा चालवा. दांड्या कुठे घासत नाहीत हे पाहूनच आर्म लावा आणि काउल बसवा. काच भरपूर ओली करून स्लो आणि फास्ट दोन्ही चालवा, आणि वायपर काचेच्या वेगवेगळ्या ठिकाणी असताना चार-पाच वेळा स्विच बंद करून पाहा. दर वेळी तो त्याच खुणेवर येऊन थांबला पाहिजे.